दादा म्हणतो, हे विज्ञानच नाही

प्रश्न

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. माझा मोठा भाऊ मेकॅनिकल इंजिनीयर आहे. विज्ञानाची गोडी मला लहानपणी त्यानेच लावली. पण मी उत्क्रांती शिकायला लागल्यापासून आमचं रोज वाजतं. तो म्हणतो, "जे कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही, जे पुन्हा करून दाखवता येत नाही, ते विज्ञान कसलं? त्यात विज्ञान आपलंच म्हणणं सारखं बदलतं. शेवटी ही नुसती थिअरीच. हिचा व्यवहारात उपयोग काय?" मला उत्तर सुचत नाही, मी चिडते आणि मग आम्ही दोन-दोन दिवस बोलत नाही. खरं सांगायचं तर मीही आतून हलले आहे. आपण सगळे नुसत्या अपघाताने इथे आलो असू, तर माया, चांगुलपणा यांना काही अर्थ उरतो का? विषय बदलून घ्यावा, असंही मनात येतं.

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, प्रश्न दादाचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की शेवटच्या ओळी तुझ्या आहेत आणि त्याच जास्त जड आहेत. दोन्हींकडे येते. पण आधी तुला एक प्लेट दाखवते.

मी पंचवीस वर्षं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कल्चर-सेन्सिटिव्हिटीचं, म्हणजे रुग्णातल्या जिवाणूंवर कोणतं औषध लागू पडतं ते तपासण्याचं काम केलं. अगारची पिवळसर प्लेट घ्यायची, रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेले जिवाणू कापसाच्या बोळ्याने तिच्यावर एकसारखे पसरायचे, वर अँटिबायोटिकच्या छोट्या पांढऱ्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी सगळीकडे धुकं धरल्यासारखी वाढ दिसते आणि जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल. त्याला आम्ही झोन म्हणतो. पट्टीने मिलिमीटर मोजायचे, तक्त्याशी ताडून बघायचे आणि रिपोर्ट लिहायचा.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका झोनमध्ये मला दोन ठिपके दिसले, टाचणीच्या डोक्याएवढे. बाहेरून काहीतरी पडलं असेल असं समजून मी ‘सेन्सिटिव्ह’ लिहून मोकळी झाले. आमच्या वरिष्ठ बाईंनी टाकायला काढलेली ती प्लेट उचलली, दिव्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "हे दोघे पाहुणे आहेत की घरचेच, ते विचारल्याशिवाय टाकायचं नाही." त्यांनी त्या दोन कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ते पुंजके, लूपने (तारेच्या बारीक फासाने) उचलून वेगळ्या वाढवायला लावल्या आणि पुन्हा तीच चकती ठेवायला सांगितली. जिवाणू तोच निघाला, पण या वेळी चकतीभोवती झोन जवळजवळ नव्हताच. वॉर्डात फोन करून रिपोर्ट बदलावा लागला. रुग्णाला तेच औषध चालू होतं.

ते दोन ठिपके आले कुठून? औषध समोर आल्यावर जिवाणूंनी तोंड द्यायला शिकून घेतलं, की औषध यायच्या आधीच कोट्यवधींच्या गर्दीत असे दोन-चार होते आणि बाकीचे मेल्यावर तेवढे उरले? पहिली शक्यता मनाला पटकन पटते. दुसरी म्हणजे नैसर्गिक निवड. वादविवाद करून याचा निकाल लागला नसता, आणि दादाला सांगायची पहिली गोष्ट हीच की तो वादाने लागलेलाच नाही.

१९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न जिवाणूंना विचारला. त्यांच्याकडे औषधाच्या जागी जिवाणूंना मारणारा विषाणू होता. लुरियांना युक्ती सुचली ती एका समारंभात, नाणी टाकून जुगार खेळायच्या यंत्रापाशी एक सहकारी खेळत होता ते बघताना. ते यंत्र बहुतेक वेळा काहीच देत नाही आणि एखाद्या वेळी ओंजळ भरून टाकतं. त्यांनी विचार केला असा: बऱ्याच नळ्यांमध्ये थोडे-थोडे जिवाणू वेगवेगळे वाढवायचे आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू विषाणू पसरलेल्या प्लेटवर ओतायचे. विषाणू भेटल्यावर जिवाणू शिकत असतील, तर शिकण्याची संधी सगळ्यांना सारखीच, म्हणून प्रत्येक प्लेटवर वाचणाऱ्यांची संख्याही साधारण सारखी यायला हवी. पण बदल आधीच, केव्हातरी, आपोआप होत असेल, तर एखाद्या नळीत तो सुरुवातीलाच होऊन त्याची प्रचंड संतती तयार झालेली असेल, एखादीत अगदी शेवटी होईल आणि कित्येक नळ्यांत होणारच नाही. म्हणजे काही प्लेट रिकाम्या आणि मधूनच एखादी खच्चून भरलेली. प्लेट मोजल्या, तर आकडे दुसऱ्या प्रकारचे निघाले.

मग १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी हीच गोष्ट मखमलीच्या तुकड्याने दाखवली. जिवाणूंनी भरलेली प्लेट मखमलीवर दाबायची. कापडाच्या लवेवर जिवाणू चिकटतात, जसेच्या तसे, ज्याच्या त्याच्या जागी. मग तोच शिक्का विषाणू असलेल्या अनेक प्लेटवर एकामागून एक मारायचा. वाचलेल्या कॉलनी वेगवेगळ्या प्लेटवर त्याच-त्याच जागी उगवल्या! म्हणजे तग धरणारे जिवाणू मूळ प्लेटवर त्या जागी आधीपासून बसलेले होते. त्या प्लेटने विषाणूचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. मला हा प्रयोग आजही सुंदर वाटतो. एक मखमलीचा तुकडा आणि नीट विचारलेला प्रश्न, बस.

एवढ्या तपशिलात शिरले, कारण विज्ञान म्हणजे काय हे माझ्या मते इथे दिसतं. प्रश्न असा विचारायचा की उत्तर आपल्या विरुद्ध जाऊ शकेल. प्रत्येक प्लेटवर सारख्या कॉलनी आल्या असत्या, तर नैसर्गिक निवडीची बाजू तिथे पडली असती. पण सगळेच प्रश्न असे विचारता येत नाहीत. विज्ञानाची मर्यादाही तिथेच सुरू होते, तिच्याकडे मी परत येईन.

आता ‘कुणी पाहिलं नाही’ हा मुद्दा. जिवाणूंचं ठीक आहे, पण माशांपासून चार पायांचे प्राणी झाले ते कुणी पाहिलं, असं दादा म्हणेल. त्याला त्याच्याच धंद्यातलं विचार. एखादा शाफ्ट तुटला तर तो तुटताना कुणी पाहत बसलेलं असतं का? तुटलेला भाग भिंगाखाली धरतात. पाणी मागे सरताना वाळूवर रेषा उमटाव्यात तशा वक्र रेषा धातूच्या तुटक्या तोंडावर दिसल्या, की इंजिनीयर सांगतो, तडा इथून सुरू झाला, रोजच्या फिरण्याच्या ताणाने हळूहळू वाढला आणि उरलेला भाग शेवटी एका झटक्यात गेला. घटना पुन्हा घडवता येत नाही, पण तिच्या खुणा पुन्हा पुन्हा तपासता येतात, कोणालाही. एवढंच नाही, खुणा सापडायच्या आधी त्या कुठे सापडतील हेही सांगता येतं.

नील शुबिन हे जीवाश्मांचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. साधारण ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत चार पायांचे प्राणी मिळतात, त्याच्या बऱ्याच आधीच्या खडकांत नुसते मासे. तेव्हा मधलं काही हवं असेल, तर मधल्या काळातले, उथळ वाहत्या पाण्यात साचलेले खडक शोधायचे. असे खडक कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात उघडे आहेत. १९९९ पासून उन्हाळ्याच्या छोट्या मुदतीत मोहिमा काढून, बऱ्याचदा रिकाम्या हातांनी परतून, २००४ मध्ये एल्स्मिअर बेटावर त्यांना ‘टिक्टालिक’ सापडला. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. माशासारखे खवले आणि पर, पण मान मोकळी, डोकं चपटं आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं.

इथेच थांबले तर मी तुला अर्धंच सांगितलं, असं होईल. २०१० मध्ये पोलंडमधल्या एका जुन्या खाणीतल्या खडकावर चार पायांच्या प्राण्याचे ठसे सापडल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांचं वय ३९ कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे टिक्टालिकच्याही आधीचं! ते ठसे खरंच पावलांचेच आहेत का, यावर काही अभ्यासक शंका घेतात, पण ते तसेच असतील तर टिक्टालिक हा आपला थेट पूर्वज नव्हे. मुख्य फांदीवरून बाजूला गेलेल्या, त्याच घडणीच्या कुळातला तो एक उशिरापर्यंत टिकलेला सदस्य ठरतो. पहिलं पाऊल केव्हा पडलं, ती तारीख मागे जाते. मासे आणि आपण एकाच झाडावर आहोत, हे मात्र त्याने हलत नाही, कारण ते एका सांगाड्यावर उभं नाही. हाडं, गर्भाची वाढ, जनुकं हे वेगवेगळे साक्षीदार एकच कुळकथा सांगतात. दादाशी बोलताना हे ठसे लपवू नकोस. तूच आधी सांग.

म्हणजे ‘विज्ञान बदलतं’ हे त्याचं म्हणणं खरंच आहे. फक्त काय बदलतं आणि कशाने बदलतं, ते बघायला हवं. त्याला आवडेल असं एक उदाहरण देते, कारण त्यात डार्विनच्या विरोधात भौतिकशास्त्र उभं होतं. लॉर्ड केल्विन हे त्या काळातलं सगळ्यात वजनदार नाव. तापलेली पृथ्वी थंड व्हायला किती काळ लागेल याचं गणित मांडून त्यांनी पृथ्वीचं वय आधी २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान धरलं आणि १८९७ पर्यंत ते २ ते ४ कोटींवर आणलं. नैसर्गिक निवडीला एवढा वेळ पुरण्यासारखा नव्हता. डार्विन या आक्षेपाने खरोखर अस्वस्थ होते. केल्विनच्या गणितात चूक नव्हती, गृहीतकात होती. पृथ्वीच्या पोटातला खडक अतिशय संथपणे वाहतो आणि खालची उष्णता वर आणत राहतो, हे त्यांनी धरलंच नव्हतं. आणि ही उणीव १८९५ मध्ये कोणी दाखवली? जॉन पेरी यांनी, जे एके काळी केल्विनचेच सहायक होते आणि पेशाने इंजिनीयर! पुढे किरणोत्सर्गामुळे खडकांचं घड्याळच हाती आलं आणि १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. आजही आकडा त्याच्या अगदी जवळ आहे.

डार्विनही चुकले. आईवडिलांचे गुण मुलांत रंग मिसळावेत तसे मिसळतात, अशीच त्यांची साधारण समजूत होती. तसं असतं तर कोणताही नवा गुण दोन-चार पिढ्यांत पातळ होऊन संपला असता. आनुवंशिकतेचं खरं गणित मेंडेल यांनी १८६६ मध्येच छापलं होतं, पण त्याकडे जगाचं नीट लक्ष जायला १९०० उजाडलं. डार्विनची समजूत टाकून द्यावी लागली आणि त्यांचा सिद्धांत त्यामुळे आणखी मजबूत झाला. काय टाकायचं आणि काय ठेवायचं, ते पुराव्याने ठरवलं.

‘नुसती थिअरी’ याबद्दल थोडंसंच. आपल्याकडे शब्द आहे सिद्धांत. आपल्या जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, म्हणजे समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे आणि पूर्ण ताकदीने मांडायचं, मग त्याचं खंडन करायचं आणि जे टिकेल तो सिद्धांत. ‘नुसता सिद्धांत’ असं मराठीत म्हणून बघ, कानाला खटकतं. अंदाजाला आपण सिद्धांत म्हणतच नाही. फक्त त्यातल्या ‘अंत’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नये. विज्ञानात शेवटचा शब्द कुणाचाच नसतो.

उपयोग विचारतोय ना तो? ज्याची पिल्लावळ वाढते अशा कशाशीही लढायचं असेल, तर उत्क्रांती विसरून चालत नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरायचे नाहीत, उलट त्या औषधाला दाद न देणारे तयार होतील. एचआयव्हीची गोष्ट तर मी माझ्या नोकरीत घडताना पाहिली. १९८७ मध्ये पहिलं औषध आलं. रुग्ण सुधारायचे आणि काही महिन्यांत औषध बोथट व्हायचं. हा विषाणू स्वतःच्या नकला करताना इतक्या चुका करतो की एका औषधाला चुकवणारी नक्कल गर्दीत कुठेतरी असतेच. पण तीन वेगळ्या प्रकारच्या औषधांना एकाच वेळी चुकवणारी नक्कल आधीपासून असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणून तिन्ही एकत्र द्यायची. १९९६ पासून हा उपचार रुळला आणि मरणाच्या दारातली माणसं उठून कामाला लागली. त्यामागचा हिशेब लुरियांच्या नळ्यांतलाच होता. फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, तेही विषाणूच्या वंशावळीवर नजर ठेवूनच.

आता तुझा प्रश्न.

अपघात हा शब्द अर्धाच खरा आहे. त्या दोन कॉलनींमधला बदल झाला तो गरज ओळखून झाला नव्हता, इथपर्यंत अपघात. पण औषध असलेल्या प्लेटवर पुढे कोण वाढणार, हा अपघात नव्हता. माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचलेल्या लांबलचक वाटेवर अपघात प्रत्येक पावलाला आहे आणि निवडही आहे. हे ऐकून तुला लगेच दिलासा मिळेल असं मी म्हणत नाही. पण ‘नुसता अपघात’ असं विज्ञानाने कधी सांगितलेलं नाही. त्यातला ‘नुसता’ आपण लावतो.

आणि अर्थ? माझ्या रिपोर्टवर कोणतं औषध लागू पडतं, एवढं असायचं. नव्वदीतल्या, थकलेल्या माणसाला आणखी एक झुंज द्यायला लावायची का, हे मिलिमीटरमध्ये मोजता येत नव्हतं. त्यासाठी डॉक्टर घरच्यांशी बोलत बसायचे, कधी तास-दोन तास. रिपोर्ट चुकीचा असता तर ते बोलणं चुकीच्या पायावर झालं असतं, म्हणून रिपोर्ट अचूक हवाच. पण निर्णय रिपोर्टमध्ये नव्हता. उत्क्रांती तुला सांगेल की पिल्लाला जपणारे प्राणी का टिकले. ती तुझ्या आईच्या मायेची किंमत सांगत नाही, कमीही करत नाही. कोणी आजारी असताना उशाशी जागं राहणारं माणूस जनुकांचा हिशेब करत नसतं. ते खरंच त्या आजाऱ्यासाठी जागं असतं. ती क्षमता कशी आली हे समजल्याने ती खोटी कशी होईल?

ही सीमा लोकांनी ओलांडली तेव्हा फार वाईट झालं. निवडीच्या नावाखाली ‘कमी प्रतीच्या’ माणसांना मुलं होऊच द्यायची नाहीत असे कायदे झाले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीचा असा एक कायदा वैध ठरवला. निसर्गात काय घडतं यावरून माणसाने काय करावं हे काढायचं, ही मुळातली चूक. उलट बाजूनेही सीमा मोडली गेली. सोव्हिएत संघात राजकीय मताला सोयीची नाही म्हणून आनुवंशिकी दडपली आणि पिकांच्या वाणांचा जगभर फिरून संग्रह करणारे निकोलाय वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. पहिल्या वेळी विज्ञानाच्या तोंडी नीतीचं उत्तर घातलं, दुसऱ्या वेळी मताच्या तोंडी विज्ञानाचं.

आणखी एक कुंपण लक्षात ठेव. पहिला जीव कसा झाला, हे नैसर्गिक निवड सांगत नाही. स्वतःच्या नकला करणारं काहीतरी असलं की तिथून पुढे तिचं काम सुरू होतं. तसंच, माणसाच्या अमुक सवयीमागे तमुक कारण आदिमानवाच्या काळात होतं, अशा चटपटीत गोष्टी वाचल्यास तर सावध राहा. त्यातल्या बऱ्याच तपासताच येत नाहीत, आणि जे तपासता येत नाही त्याला मखमलीच्या प्रयोगाशेजारी बसवू नये. दादा अशांवर चिडत असेल, तर त्या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे.

विषय सोडू नकोस. प्रश्नाने झोप उडते, म्हणजे विषय तुला नीट भिडला आहे.

दादाशी पुढच्या वेळी बोलशील तेव्हा जिंकायचं आहे हे मनातून काढ. ज्याने तुला विज्ञानाची गोडी लावली, तो तुझा शत्रू नाही. त्याला एकच विचार: "काय दिसलं तर तुझं मत बदलेल?" आणि तो विचारात पडला, तर आधी तू तुझं सांग. कॅम्ब्रियनपूर्व खडकात, जिथे अजून मासेही नाहीत, तिथे सशाचा सांगाडा खात्रीने सापडला, तर मी पुन्हा पहिल्यापासून विचार करेन, असं मोकळेपणाने म्हण. खरंच तसं वाटत असेल तरच.

आणि तुमच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असेल, तर तिथल्या शिक्षकांना भेट. मखमलीचा प्रयोग त्यांच्या देखरेखीखाली, निरुपद्रवी जिवाणू घेऊन, त्यांच्याच प्रयोगशाळेत करता येतो. कापड निर्जंतुक करून घ्या, प्लेटच्या कडेला खूण करायला विसरू नका, नाहीतर जागा जुळणार नाहीत. परवानगी मिळाली तर दादाला बोलाव. पहिली प्लेट त्याच्या हातात दे आणि दुसरी उघडायच्या आधी त्याला सांग, कॉलनी कुठे उगवल्या असतील तिथे पेनने ठिपके कर.

तुझी,
सदराची मावशी